पेलेट स्टोव्ह पेटत नाही? आधी तो कुठे थांबला ते बघा

ऑक्टोबर सरता सरता उत्तर अमेरिकेत आणि युरोपात रात्री गोठू लागतात, आणि उन्हाळाभर कोपऱ्यात उभे असलेले पेलेट स्टोव्ह पुन्हा चालू केले जातात. त्यांतले बरेच पहिल्या बटणाला दाद देत नाहीत. पंखा घुरघुरतो, एखादा दिवा लुकलुकतो, कधी मूठभर पेलेट पडतात, पण ज्योत उठत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पडद्यावर एक आकडा उमटतो आणि सगळे थंडावते. न्यू इंग्लंड, ओंटारिओ किंवा बव्हेरियात स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांसाठी हे यंत्र नवे असते. त्याच्या सवयी ठाऊक नसतात, म्हणून मनात पहिला प्रश्न येतो तो ‘कोणता पार्ट गेला?’ हा. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. पेटण्याच्या कोणत्या पायरीपर्यंत स्टोव्ह पोहोचला आणि कुठे थांबला, हे आधी पाहायचे. न पेटणारा पेलेट स्टोव्ह पुष्कळदा धडधाकट असतो. त्याला हवी असलेली एखादी अट पुरी झालेली नसते, म्हणून तो अडून बसतो. ही अट बहुतेक वेळा हवेची असते आणि हवा अडलेली असते राखेने.

हे पटायला स्टोव्हची रचना थोडी समजून घ्यावी लागते. लाकडाच्या भुशावर प्रचंड दाब दिला की तो तापतो, लाकडातले लिग्निन मऊ पडते आणि तेच भुसा सांधून धरते. अशा साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट. घरात जाळायचा पेलेट स्टोव्ह 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्याने आकाराला आणला, आणि त्याची मूळ मांडणी आजही फारशी बदललेली नाही. वर पेलेटचा साठा असलेला हॉपर, त्याच्या तळाशी पेलेट थोडेथोडे पुढे सरकवणारा मळसूत्रासारखा ऑगर, तळहाताएवढे जळणाचे भांडे म्हणजे बर्नपॉट, त्याला चिकटून विजेवर तापणारा इग्नायटर, आणि मागे धूर खेचून भिंतीबाहेर टाकणारा पंखा. चुलीपुढे बसलेले माणूस धूर कोंडला की फुंकणी उचलते, लाकूड ओले निघाले की बाजूला सारते. इथे तो सगळा विवेक यंत्राकडे सोपवलेला आहे. धुराची नळी तीन-चार इंचांची आणि पुष्कळदा भिंतीतून आडवी गेलेली, त्यामुळे नैसर्गिक ओढीवर फारसे काही चालत नाही. पंखा फिरला तरच हवा. म्हणून स्टोव्ह एका ठरलेल्या क्रमाने पुढे जातो. आधी धुराचा पंखा, मग आत पुरेशी ओढ तयार झाल्याची खात्री, मग ऑगर आणि इग्नायटर, मग ज्योत, मग धूर गरम झाल्याची खात्री, आणि शेवटी खोलीत ऊब फेकणारा दुसरा पंखा. एखाद्या पायरीवर खात्री पटली नाही, तर पुढची पायरी येतच नाही. हाच क्रम आपल्या हातातले सर्वांत चांगले तपासणीचे साधन आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. स्टोव्हसमोर बसा, बटण दाबा आणि पहिली वीस मिनिटे काय काय घडते ते वेळेसकट कागदावर लिहा.

काहीच हलले नाही, दिवाही लागला नाही, तर मामला विजेचा आहे. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहा, सर्ज प्रोटेक्टर मध्ये असेल तर तो बाजूला काढा, आणि स्टोव्हच्या पाठीमागचा किंवा कंट्रोल बोर्डावरचा फ्यूज बघा. दिवा लागतो पण स्टोव्ह ढिम्म, असे असेल तर भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे वळा. त्याच्या बॅटऱ्या उन्हाळ्यात संपलेल्या असतात, किंवा तो अजून गारव्याच्या मोडवर असतो. आदल्या प्रयत्नानंतर स्टोव्ह निवण्याच्या चक्रात असेल तर तो नवा आदेश घेत नाही. पुन्हापुन्हा बटण दाबून उपयोग नाही, थांबावे लागते. काही मॉडेलांत पाठीमागे एक लाल बटण असते. आतले तापमान मर्यादेबाहेर गेल्यावर ते उडते आणि हाताने पुन्हा दाबावे लागते. एकदा दाबून स्टोव्ह चालला तर ठीक. ते पुन्हा उडाले तर खोलीत ऊब फेकणारा पंखा किंवा त्याचा मार्ग तुंबलेला आहे असे समजावे, आणि तिसऱ्यांदा दाबू नये.

पंखा फिरतो, पण बराच वेळ झाला तरी एकही पेलेट पडत नाही, हे दृश्य मात्र नीट पाहण्यासारखे आहे. सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. लोक म्हणतात ऑगरची मोटर गेली. मोटर जाऊ शकते, पण तिच्याआधी एक छोटा पहारेकरी उभा असतो: व्हॅक्यूम स्विच. आत ओढ तयार झाली तरच तो ऑगरला वीज जाऊ देतो. ही ओढ किती नाजूक असते ते आकड्यांत पाहा. समुद्रसपाटीला हवेचा दाब 1,01,325 पास्कल. स्विच ज्या फरकावर बसतो, तो बऱ्याच मॉडेलांत 25 पास्कलांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, म्हणजे जेमतेम चार हजारांतला एक भाग. इतक्या बारीक फरकावर चालणाऱ्या व्यवस्थेत दाराच्या कडेची दोरीसारखी गॅस्केट एका कोपऱ्यात दबून गेली, राखेच्या खणाचे दार पुरते बसले नाही, किंवा स्विचकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या तोंडाशी चिमूटभर राख साचली, तरी हिशेब बिघडतो. म्हणून दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ती ओढून पाहा. अलगद निसटली तर तिथे हवा शिरते आहे. असे चारही बाजूंना करा. नंतर प्लग काढून रबरी नळी स्विचपासून सोडवा, तिला चीर गेली आहे का बघा, आणि स्टोव्हच्या अंगावरच्या ज्या तोटीला ती बसते तिचे छिद्र तारेने मोकळे करा. नळी स्विचला जोडलेली असताना तिच्यात फुंकर मारायची नाही. आतला पातळ पडदा फाटतो, आणि मग स्विच खरोखरच बदलावा लागतो.

नळी आणि गॅस्केट ठीक असतील, तर बाहेर जाऊन धुराच्या नळीचे तोंड पाहा. उन्हाळ्यात तिथे पाखरे आणि गांधीलमाश्या घरे करतात. बाहेरून ताजी हवा आत घेणारी वेगळी नळी असेल तर तिच्या तोंडची जाळी वाळलेल्या पानांनी आणि धाग्यांनी भरते, तीही तपासा. आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या घरांत आणखी एक कारण असते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. फोडणीच्या वासासाठी जोरदार हूड चालू असतो, घर थंडीमुळे चोहोबाजूंनी बंद असते, आणि हूड बाहेर टाकत असलेली हवा भरून यायला वाट नसते. घरातला दाब काही पास्कलांनी उतरतो. स्टोव्ह हवा खोलीतूनच घेत असेल, तर त्याची ओढ तेवढ्याने कमी होते. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेत मिनिटाला 400 घनफुटांहून अधिक हवा खेचणाऱ्या हूडसाठी बाहेरून भरपाईची हवा घेण्याची तरतूद मागितली आहे, ती याच प्रकारच्या धोक्यापायी. तेव्हा चाचणी सोपी आहे. हूड, न्हाणीघराचा पंखा आणि कपडे वाळवायचे यंत्र बंद करा, एक खिडकी बोटभर उघडा आणि स्टोव्ह पुन्हा लावा. तो पेटला तर स्टोव्हला हात लावायचे कारणच नाही. बाहेरच्या हवेची नळी बसवून घ्या.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो: व्हॅक्यूम स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका, स्टोव्ह लगेच चालतो. चालतो हे खरे आहे, आणि म्हणूनच हा सल्ला पसरतो. जाणकार तंत्रज्ञ दोष स्विचमध्ये आहे की ओढीत, हे ठरवण्यासाठी क्षणभर तसे करतोही. पण त्या चाचणीतून जे कळते ते उलटे वाचले जाते. तारा जोडल्यावर ऑगर फिरला, तर ऑगर ठीक आहे एवढेच सिद्ध झाले. ओढ अपुरी असण्याची शक्यता तशीच उरली. अशा स्थितीत आग लावली तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येण्याची वाट मोकळी झाली. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. स्टोव्ह असलेल्या घरात झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि तो दर महिन्याला वाजवून पाहायला हवा. पण अलार्म आहे म्हणून पहारेकऱ्याला बाजूला सारणे मला कुठल्याही हिशेबाने योग्य वाटत नाही.

ऑगर फिरल्याचा आवाज येतो आणि तरीही पेलेट येत नाहीत, तेव्हा पुरवठा पाहावा. हॉपर पूर्ण रिकामा झाला असेल तर ऑगरची नळीही रिकामी असते. ती भरायला काही मिनिटे जातात आणि पहिला प्रयत्न तेवढ्यातच संपून जातो. दुसऱ्या प्रयत्नात स्टोव्ह पेटला तर त्यात दोष काहीच नव्हता. कधी हॉपरमध्ये पेलेट दिसतात भरपूर, पण तळाशी भुशाचा थर बसून वर कमान धरलेली असते आणि खाली पोकळी असते. हात घालण्यापूर्वी प्लग काढा. मागच्या हिवाळ्यातले पेलेट उन्हाळाभर हॉपरमध्येच राहिले असतील, तर त्यांनी दमट हवा शोषलेली असते. ते फुगतात, चुरतात आणि ऑगरमध्ये लाकडासारखे घट्ट बसतात. गॅरेजच्या फरशीवर ठेवलेल्या पिशव्यांनाही हे होते, प्लास्टिकला एखादे छिद्र पुरते. चांगला पेलेट गुळगुळीत असतो आणि बोटांनी मोडताना कट्‌कन आवाज करतो. मोडताना चुरा झाला तर तो वापरू नका.

पेलेट पडतात, ढीग होतो, पण ज्योत येत नाही: इथे सगळे जण इग्नायटरला दोषी धरतात. तो जातो हे मान्यच आहे. रोज तापून निवणारी ती वस्तू आहे. पण निकाल देण्याआधी तो काम कसा करतो ते पाहू. बऱ्याच स्टोव्हमध्ये इग्नायटर पेलेटला थेट भिडत नाही. तो एका छोट्या नळीत बसतो, त्याच्यावरून हवा वाहते, आणि ती तापलेली हवा बर्नपॉटच्या भोकातून पेलेटवर येते. समजा तो 300 वॉटचा आहे आणि आठ मिनिटे चालला. एकूण उष्णता झाली 1,44,000 ज्यूल. खोलीच्या तापमानाचे जेमतेम 55 ग्रॅम पाणी उकळून त्याची वाफ करायला तेवढी लागते. म्हणजे भांडवल फार थोडे आहे, आणि ते भोकासमोरच्या चार पेलेटवर एकवटले तरच काम होते. भोक राखेच्या खड्यांनी बुजले, किंवा साफसफाईनंतर बर्नपॉट किंचित तिरपे बसले आणि भोक इग्नायटरसमोर आलेच नाही, तर ती उष्णता नळीतच अडकते. पेलेट ओले असतील तर ती पाणी वाळवण्यातच संपते. आणखी एक गोष्ट घडते: वाहती हवा न मिळालेला इग्नायटर प्रमाणाबाहेर तापतो आणि लवकर जळतो. नवा इग्नायटर बसवला आणि महिन्याभरात तोही गेला, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दोष मालाचा असेलच असे नाही. भोक कुणी साफ केलेले नसते.

म्हणून आधी बर्नपॉट बाहेर काढा, त्यातला खंगर टोकदार हत्याराने खरवडा, प्रत्येक भोक उजेडासमोर धरून आरपार दिसते का पाहा, भांडे ज्या जागी बसते तिथली राख झाडा आणि ते नीट टेकले आहे याची खात्री करा. तरीही पेटले नाही, तर मग इग्नायटर मोजा. प्लग काढलेला, तारा सोडवलेल्या, मल्टिमीटर ओहमवर. अमेरिकेतल्या 120 व्होल्टच्या स्टोव्हला 300 वॉटचा इग्नायटर असेल तर रोध सुमारे 48 ओहम यायला हवा, युरोपातल्या 230 व्होल्टच्या स्टोव्हला सुमारे 176. थंड इग्नायटर थोडे कमी दाखवू शकतो. अनंत रोध दिसला तर आतली तार तुटली. शून्याजवळ आला तर आत शॉर्ट आहे, आणि फ्यूज पुन्हापुन्हा उडण्याचे कारणही तेच असण्याचा संभव मोठा. रोध बरोबर असेल तर इग्नायटरला वीज येत नाही, किंवा अडचण अजूनही हवेचीच आहे.

मल्टिमीटर नसलेल्या घरात दुसरी एक चाचणी करता येते. स्टोव्हच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल, तर पेलेटसाठीच मिळणारे पेटवण्याचे जेल थंड बर्नपॉटमधल्या मूठभर पेलेटवर लावून काडीने पेटवा, दार लावा आणि स्टोव्ह चालू करा. आग नीट धरली आणि टिकली, तर ऑगर, ओढ आणि धूर गरम झाल्याचे ओळखणारा संवेदक ठीक आहेत. संशय इग्नायटरपुरता उरला. पण दोन गोष्टींत सूट नाही. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट यांचा थेंबही नको. आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर स्टोव्ह थंड होऊ देऊन बर्नपॉट रिकामे करायचे. लोक हे टाळतात, कारण पुढच्या वेळी जास्त पेलेट असले तर लवकर पेटेल असे वाटते. होते उलटे. दोन-तीन फेऱ्यांचा ढीग धुमसत राहतो, पेटीत न जळलेला वायू साठतो, आणि अखेर ठिणगी पडली की तो एकदम भडकतो. त्या धक्क्याने दाराची काच फुटू शकते. बर्नपॉटमध्ये ढीग आणि काचेमागे दाट पांढरा धूर दिसत असेल, तर दार उघडू नका आणि प्लगही काढू नका. धुराचा पंखा चालू राहणे त्या क्षणी सर्वांत महत्त्वाचे आहे.

स्टोव्ह पेटतो, छान जळतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप विझतो, ही तक्रारही ‘सुरू होत नाही’ याच नावाने सांगितली जाते, पण तिचे मूळ वेगळे आहे. धुराच्या मार्गावरच्या संवेदकाला आग लागल्याची खबर मिळालेली नसते. त्याच्यावर राखेचा थर बसला की तो थंडच राहतो, आणि बोर्डाला वाटते आग नाही. तो थर पुसून पाहण्याआधी संवेदक विकत आणू नये.

आता आक्षेपांकडे. पहिला असा, की पडद्यावर आकडा येतो, पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला असतो, मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण आकडा फक्त कोणत्या पहारेकऱ्याने हात वर केला ते सांगतो. का केला, ते सांगत नाही. व्हॅक्यूमचा आकडा आला म्हणून व्हॅक्यूम स्विच बदलला, तर ज्याने आपले काम चोख केले त्यालाच काढून टाकल्यासारखे होते. दुसरा आक्षेप असा, की आजचे स्टोव्ह इलेक्ट्रॉनिक आहेत आणि कंट्रोल बोर्ड खरोखर जळतात. हे बरोबर आहे, विशेषतः वीज वारंवार जाणाऱ्या भागात किंवा चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर स्टोव्ह चालवला तर. पण बोर्ड स्टोव्हमधल्या महागड्या भागांपैकी एक आहे आणि तो सहसा परत घेतला जात नाही. सर्व स्विचमधून वीज पुढे जाते आहे, बोर्डापर्यंत वीज येते आहे, आणि तरीही तो पुढची आज्ञा सोडत नाही, एवढे मोजून सिद्ध झाले तरच बोर्डावर बोट ठेवावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हे काम तंत्रज्ञाचे आहे, घरच्यांनी यात पडूच नये. धुराचा मार्ग खोलणे, वायरिंग बदलणे, धुराच्या पंख्याची मोटर काढणे ही कामे त्याचीच आहेत. जर्मनीत स्टोव्हला मान्यता देण्याचा अधिकार त्या भागाच्या अधिकृत धुराडे-निरीक्षकाकडे असतो, आणि त्याला विचारल्याशिवाय नळीत फेरफार करता येत नाही. पण गॅस्केट तपासणे, भोके साफ करणे, राख काढणे ही देखभाल पुस्तिकेतच घरच्यांवर सोपवलेली असते. शिवाय पहिल्या थंडीच्या आठवड्यात तंत्रज्ञ सहजी मिळत नाहीत. ‘चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्या घरी त्याला दोन फेऱ्या माराव्या लागतात. ‘पंखा लगेच फिरतो, चौथ्या मिनिटाला पेलेट पडतात, इग्नायटरचा रोध 47 ओहम आहे, भोके साफ केली आहेत, तरी ज्योत नाही’ असे सांगणाऱ्याकडे तो योग्य भाग घेऊनच येतो.

राखेवर मी इतका भर देतो त्याचे कारण साध्या गणितात आहे. अमेरिकेत उत्तम प्रतीच्या पेलेटमध्ये राखेची मर्यादा 1 टक्का आहे, युरोपच्या ‘ईएनप्लस ए1’ प्रतीत 0.7 टक्के. फार कमी वाटते. पण 40 पौंडांच्या 50 पिशव्या म्हणजे एक अमेरिकी टन, सुमारे 907 किलो. एक टक्का धरली तर नऊ किलो राख. दोन-तीन टन जाळणाऱ्या घरात हिवाळ्याभरात वीस-पंचवीस किलोंपर्यंत जाते. तिचा एक भाग पिठासारखा उडून मागच्या अरुंद वाटांमध्ये, पंख्याच्या पात्यांवर आणि नळीच्या वळणांत बसतो. खालचा खण रोज रिकामा करणाऱ्या घरातही हा मागचा भाग वर्षानुवर्षे न पाहिलेला असू शकतो. तिथली राख काढायला साधा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. बारीक राख त्याच्या फिल्टरमधून घरभर पसरते, आणि वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारे कितीतरी तास जिवंत राहतात. राखेसाठीचा खास व्हॅक्यूम घ्या, स्टोव्ह पूर्ण निवू द्या, आणि काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर, लाकडी ओट्यापासून दूर ठेवा.

ही सफाई करायची ती एप्रिलमध्ये, शेवटची आग विझल्यावर; ऑक्टोबरमध्ये उशीर झालेला असतो. राख हवेतले पाणी ओढून घेते, ओली राख अल्कधर्मी असते, आणि उन्हाळाभर ती पंख्याच्या पात्यांना आणि बर्नपॉटला खात बसते, नळीच्या तोंडाशी घट्ट होते. हॉपर रिकामा करा, ऑगरमधले पेलेट जाळून संपवा, मागचे मार्ग आणि धुराची नळी साफ करून घ्या, गॅस्केट बघा, प्लग काढून ठेवा. पाखरांसाठी बाहेरच्या तोंडावर जाळी किंवा बोळा बसवणार असाल, तर तशी चिठ्ठी लिहून ती स्टोव्हच्या सुरू करायच्या बटणावरच चिकटवा.